शेक आणि केमो एकत्र पूर्ण झाले, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात उपचाराला येणारे सगळे पुण्याचेच नसतात. साताऱ्याहून, सोलापूरहून, बीडहून आलेली कुटुंबं सहा-सात आठवडे खोली भाड्याने घेऊन राहतात. सोमवार ते शुक्रवार रोज शेक (म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार), मध्ये ठरल्या दिवशी केमो, आणि शेवटचा शेक झाला की सामान बांधून गावी. मी कॅन्सरच्या पेशंटचं आणि घरच्यांचं समुपदेशन करते. मला सर्वांत जास्त फोन येतात ते उपचार चालू असताना नव्हे, तर तो संपल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत. रोज दिसणारे नर्स, टेक्निशियन, डॉक्टर एकदम दिसेनासे होतात आणि नेमका तेव्हाच त्रास टोकाला गेलेला असतो. शेवटच्या शेकानंतरचे तीन महिने हा उपचाराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. घरात तसंच धरून चाला.

माहिती मुख्यतः तोंड, घसा, स्वरयंत्र आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. तुमची फाईल त्यांच्यासमोर आहे.

शेक संपून आठवडा झाला, तरी बाबांचा घसा आणखीच दुखतोय. कुठे काही चुकलं का?

काही चुकलेलं नाही. किरणांमुळे पेशीच्या डीएनएला इजा होते, पण पेशी मरते ती पुढे, विभागायला जाते तेव्हा. म्हणून मशीन थांबलं तरी परिणाम चालूच राहतो. गाठीच्या बाबतीत हेच आपल्याला हवं असतं, पण तोंडाचं आणि घशाचं अस्तरही त्याच किरणांच्या वाटेत असतं. सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात ते पेशीला झालेली इजा दुरुस्त करता येऊ नये म्हणून. त्यामुळे एकत्र उपचारात गुणही जास्त येतो आणि त्रासही जास्त होतो.

बहुतेकांना शेवटच्या शेकानंतरचा पहिला-दुसरा आठवडा सगळ्यात कठीण जातो. मग हळूहळू उतार पडतो. तोंडातल्या जखमा भरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त.

या दिवसांत दुखण्याचं औषध आपल्या मनाने बंद करू नका. मॉर्फिनचं नाव ऐकून घरचे घाबरतात आणि पेशंट दुखणं सोसत उपाशी राहतो. दुखणं आटोक्यात असेल तरच घास आणि पाणी गिळलं जातं. जखमा भरत आल्या की डॉक्टर डोस पायरीपायरीने कमी करतात. या औषधाने पोट साफ होत नाही, तेव्हा त्याचं औषधही सोबत मागून घ्या. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या करायला द्या. जिभेवर, गालाच्या आत पांढरे थर दिसले तर ते बहुधा बुरशीचं इन्फेक्शन असतं. गुळण्यांनी ते जात नाही, औषधच लागतं.

रक्ताचे काउंट कमी आले म्हणून केमोचा शेवटचा डोस दिलाच नाही. उपचार अर्धवट राहिला का?

ही रुखरुख पेशंटच्या मनात वर्षानुवर्षं राहते, म्हणून सविस्तर सांगते. या उपचारात मुख्य काम किरणांचं असतं, केमो त्यांना बळ देतं. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिन दर आठवड्याला किंवा तीन आठवड्यांनी देतात. सगळे डोस मिळून शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास औषध गेलं असेल तर ते पुरेसं धरण्याची पद्धत आहे. म्हणजे सहा-सातातला एखादा साप्ताहिक डोस सुटला तर आभाळ कोसळत नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असताना किंवा काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, पडलेले असताना डोस रेटला असता तर जास्त नुकसान झालं असतं.

शेक मात्र मध्येच बंद पडणं चांगलं नाही. उपचार जितका लांबतो तितकी उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला सवड मिळते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून दिलेले शेक आणि आतून दिलेली ब्रेकीथेरपी मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांत संपवायचा, असा दंडक आहे. काही कारणाने खंड पडला असेल तर तो कसा भरून काढला, हे डॉक्टरांना सरळ विचारा आणि समरीमध्ये (उपचाराच्या लेखी गोषवाऱ्यात) लिहून घ्या.

इतका खर्च केलाय, तर लगेच पेट स्कॅन करून निकाल का सांगत नाहीत?

कारण लगेचचा स्कॅन फसवतो. पेट स्कॅनमध्ये कॅन्सरचा भाग चमकताना दिसतो, पण किरणांनी सुजलेला भागही तसाच चमकतो. मग नसलेल्या रोगाची भीती, नको ती बायोप्सी, आणि किरणं लागलेल्या जागी टोचल्यामुळे लवकर न भरणारी जखम. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशननंतर साधारण १२ आठवड्यांनी पेट-सीटी करतात. गर्भाशयमुखातही आतली तपासणी आधी होते आणि स्कॅन तीन महिन्यांच्या पुढे. ब्रेन ट्यूमरमध्ये टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधासोबत शेक झाले असतील, तर पहिल्या काही महिन्यांच्या एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. ती दरवेळी खरी वाढ नसते. अन्ननलिका किंवा गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पुढे ऑपरेशन ठरलेलं असेल तर तपासण्यांचं वेळापत्रक त्या तारखेवरून ठरतं.

खाजगी सेंटरमध्ये स्वतःहून जाऊन लवकर स्कॅन करून घेणारे भेटतात. कृपा करून तसं करू नका.

मानेतली गाठ अजून हाताला लागते, म्हणून रात्रभर जागणारेही बरेच असतात. ती जिरायला वेळ लागतो आणि कधी नुसता निबर झालेला भाग हाताला लागत असतो. गाठ नव्याने आली असेल किंवा स्पष्ट वाढत असेल, तर मात्र तारखेची वाट न पाहता दाखवा.

नाकातली नळी कधी निघेल?

तारीख कुणीच देऊ शकत नाही. पातळ अन्न पोटात पोचवणारी ही नळी निघते ती तोंडाने पुरेसं खाणं-पिणं जमायला लागल्यावर आणि वजन टिकल्यावर. पण ती लवकर निघावी म्हणून घरी करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त हयगय होते.

नळी आहे म्हणून गिळणं पूर्ण थांबवू नका. गिळण्याचे स्नायू आठवडेच्या आठवडे वापरले नाहीत की ते अशक्त होतात, घसा आतून आखडतो, आणि जखमा भरल्या तरी घास पुढे सरकत नाही. डॉक्टरांची परवानगी असेल तर दिवसातून कितीतरी वेळा चमचाभर पाणी, सूप, ताक असं गिळत राहायचं. गिळण्याचे व्यायाम स्पीच थेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्या. बोलायला काही अडचण नाही, मग तिकडे कशाला जायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण गिळणं शिकवणं हे त्यांचंच काम आहे.

पाणी पिताना ठसका लागतो, जेवल्यावर आवाज ओलसर घरघरीत होतो, सारखा खोकला-ताप येतो, ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची चिन्हं आहेत. काहींना तर ठसकाही लागत नाही आणि एकदम न्यूमोनियाच होतो. अशा वेळी तोंडाने देणं थांबवून गिळण्याची तपासणी करून घ्या. पातळ पाण्यापेक्षा थोडं दाटसर कधी कधी सोपं जातं, पण ते तपासणीनंतर ठरवायचं.

जबड्याचंही तसंच. आपलीच तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावतात का, हे दर आठवड्याला बघा. तीनाची दोन झाली तर लगेच सांगा. तोंड उघडण्याचा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा करायचा आणि बरं वाटायला लागल्यावरही सोडायचा नाही, कारण जबडा आखडणं महिन्यांनीसुद्धा सुरू होतं. सुपारी-गुटख्यामुळे ज्यांचं तोंड आधीच कमी उघडत होतं, त्यांनी इथे दुप्पट लक्ष द्यावं.

खायला काय द्यायचं? सासूबाई म्हणतात दूध, साखर, तूप सगळं बंद.

सासूबाईंची माया खरी आहे, पण सल्ला ऐकू नका. या वेळी पेशंटचं वजन उतरणं हा साखरेपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. डायबेटिस नसेल तर साखर बंद करून कॅन्सर उपाशी मरत नाही, माणूस मात्र खंगतो.

पहिल्या आठवड्यांत गुरगुट्या भात आणि तूप, घोटलेलं मुगाचं वरण, नाचणीची खीर, रव्याची पातळ खीर, मऊ उपमा, साय घातलेलं दूध, गोड दही, कस्टर्ड. चालत असेल तर अर्धवट उकडलेलं नव्हे, पूर्ण शिजवलेलं अंडं दुधात किंवा भातात कुस्करून. चिकन किंवा मटणाचं अळणी सूप नुसतं देऊ नका, मांसही मिक्सरमधून काढून त्यात घाला, कारण प्रोटीन त्यात असतं. फोडणीत मिरची, आलं-लसूण नको. चिंच, लिंबू, टोमॅटो झोंबतात. मेतकूट थोडं उशिरा सुरू करा, त्यातली मोहरी-मिरचीही लागते. दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन करून वहीत लिहा.

चव परतायला महिने लागतात आणि ती क्रमाने परत येत नाही. सगळं मातीसारखं लागतंय म्हणून रडू फुटतं, तेव्हा "जरा खा ना" असा आग्रह करण्यापेक्षा दुसरं काहीतरी करून समोर ठेवणं जास्त उपयोगी पडतं. लाळ कमी झालेली असेल तर ती बऱ्याच जणांना पूर्वीसारखी कधीच होत नाही. पाण्याची बाटली सतत जवळ हवी, भाकरीसोबत रस्सा हवा.

काढे, गुळवेल, भस्मं, गोमूत्र असं काही देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडावर आधीच ताण दिलेला असतो आणि गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. नारळपाणीही क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर विचारूनच.

मानेची कातडी काळी पडून सोलवटलीये. काय लावायचं?

डॉक्टरांनी दिलेलं मलम, बाकी काही नाही. हळद, उटणं, खोबरेल, बर्फ, आयोडेक्स यातलं काहीच नको. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा. वस्तऱ्याने दाढी नको. उन्हात जाताना मऊ सुती स्कार्फ किंवा उपरणं घ्या. दुचाकीवर हेल्मेटचा पट्टा नेमका त्याच जागी घासतो, म्हणून कातडी भरेपर्यंत गाडी चालवू नका. काळेपणा काही आठवड्यांत उतरतो. काही जणांना पुढे हनुवटीखाली सूज धरते. सकाळी ती जास्त जाणवते. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट हलका मसाज शिकवतात.

किरणं अंगातून बाहेर येतात का? नातवाला जवळ घेऊ का?

घ्या. बाहेरून दिलेल्या शेकाने माणूस किरणोत्सारी होत नाही. ब्रेकीथेरपीतही स्रोत काम झालं की मशीनमध्ये परत जातो. एकच काळजी घ्यायची: केमोनंतर काही आठवडे काउंट कमी असतात, तेव्हा नातवालाच सर्दी-ताप असेल तर दोन दिवस लांबून बोला. पेशंटचं ताट-वाटी, अंथरूण वेगळं करण्याची गरज नाही. काही घरांत ते करतात आणि पेशंट आतून तुटतो.

सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं, असं कधी?

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, विशेषतः शेवटच्या केमोनंतरच्या तीन-चार आठवड्यांत. नुसती क्रोसिन देऊन ताप उतरवत बसू नका. तोंडातून, घशातून किंवा योनीतून न थांबणारा रक्तस्राव. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. पाण्याचा घोटही पोटात न टिकणं किंवा लघवी अगदी कमी होणं. एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखून धाप लागणं. बडबडणं, भान नसणं. नळी निघून आली तर ती घरी परत घालू नका.

१०८ नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. गावी असाल तर जवळच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "केमो आणि शेक नुकतेच संपलेत."

कानात शिट्टी वाजते, पायाला मुंग्या येतात. हेही शेकांमुळे?

हे जास्त करून सिस्प्लॅटिनमुळे. कानाच्या आतल्या पेशींना ते इजा करतं, बारीक आणि उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. आणि पुणेकरांना एक कळकळीची विनंती: या वर्षी मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ, स्पीकरच्या भिंतीजवळ उभे राहू नका. या औषधाने दुखावलेल्या कानाला मोठा आवाज आणखी बाधतो. पथकात वादन करणाऱ्या तरुण पेशंटला हे सांगताना जीवावर येतं, तरी सांगावं लागतं.

तळपायाच्या मुंग्या उपचार संपल्यावरही काही महिने वाढू शकतात, मग बहुतेकांच्या कमी होतात. अनवाणी चालू नका. क्रिएटिनिन आणि मॅग्नेशियम तपासत राहायचं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. मानेला शेक झालेल्यांनी दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी. थायरॉइड मंदावतं ते सावकाश, कधी काही वर्षांनी, आणि थकवा, सूज, उदासी हे सगळं कॅन्सरच्याच नावावर खपून जातं.

दात हलतोय. गावातला डेंटिस्ट काढून देतो म्हणतो.

काढू देऊ नका. किरणं लागलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. दात काढलेली जागा भरत नाही आणि हाड कुजू शकतं. हा धोका एक-दोन वर्षांचा नाही, जन्मभराचा आहे. आधी रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोला, मगच काय ते. लाळ कमी असल्याने दात झपाट्याने किडतात, म्हणून फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश आणि दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी.

गर्भाशयमुखाचा उपचार झाला. काही गोष्टी ओपीडीत विचारायला संकोच वाटतो.

इथे वाचा, आणि मग तिथेही विचाराच. किरणांमुळे योनी आतून आक्रसते, भिंती एकमेकींना चिकटतात. ते टाळण्यासाठी जखमा निवळल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, डायलेटर (योनीत घालायची गुळगुळीत नळी) वापरायला शिकवतात: जेली लावून, आठवड्यातून दोन-तीनदा, काही मिनिटं. हे फक्त शरीरसंबंधांसाठी आहे, असं समजून विधवा आणि वयस्क बायका ते नाकारतात. पण पुढच्या तपासणीत डॉक्टरांना आत नीट बघता यावं, यासाठीही ते लागतं. संबंध केव्हा सुरू करायचे हे डॉक्टर तपासून सांगतील. त्याने कॅन्सर नवऱ्याला लागत नाही आणि तुमचा परतही येत नाही.

पाळी कायमची जाते. तिशी-चाळिशीतल्या बाईला अचानक गरम वाफा, घाम, चिडचिड, झोप नाही. हे सोसायलाच हवं असं नाही. स्क्वॅमस प्रकारच्या (अस्तराच्या पेशींच्या; तुमचा प्रकार बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये असतो) कॅन्सरमध्ये हार्मोनचं औषध सरसकट निषिद्ध नसतं, तेव्हा विचारा. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचंही बघून घ्या.

शौचातून किंवा लघवीतून रक्त काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी येऊ शकतं. बऱ्याचदा तो किरणांचा उशिरा झालेला परिणाम असतो. पण मूळव्याध म्हणून परस्पर इंजेक्शन किंवा क्षारसूत्र करून घेऊ नका. दाखवा, आणि दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना आधी झालेल्या शेकांबद्दल सांगा.

कामावर कधी जाता येईल?

बसून करायचं काम साधारण दीड-दोन महिन्यांनी अर्धा वेळ, अंगमेहनतीचं त्याहून उशिरा. थकवा झोपून जात नाही. थोडं चालल्याने तो कमी होतो. आधी घरात, मग सोसायटीत, मग बागेत. तळजाई टेकडीची चढण नंतर.

तंबाखू सोडली होती, पण आता पुन्हा हात जातोय. आईची मिशरी तर सुटतच नाही.

उपचार झाल्यावरही तंबाखू चालू राहिली तर रोग परतण्याचा आणि त्याच भागात दुसरा नवा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, जखमाही भरत नाहीत. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. रागावून ती सुटत नाही. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. गरज पडल्यास औषधंही मिळतात. घरातल्या बाकीच्यांनी पेशंटसमोर पुडी काढू नये, एवढं तरी करता येतं.

उपचार संपला, तरी मला भीती जास्त वाटते. हे नॉर्मल आहे का?

हो. उपचार चालू असताना रोज काहीतरी केलं जात होतं, आता नुसतं थांबायचं आहे. स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात झोप उडते, चिडचिड होते. घरच्यांना वाटतं, आता तर सगळं झालं, मग तोंड पाडून का बसलेत. सांभाळणारी व्यक्तीही नेमकी आता कोसळते, कारण इतके दिवस तिला सवडच नव्हती. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. दुखण्याच्या गोळीइतकीच ही मदत रास्त आहे.

फॉलोअपला किती वर्षं यायचं? प्रत्येक वेळी पुण्यालाच?

डोके-मानेसाठी साधारणपणे पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, आणि पाच वर्षांपर्यंत अंतर वाढवत. गर्भाशयमुखासाठी पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी. पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या तारखा चुकवू नका, रोग परतलाच तर बहुधा याच काळात परततो. रक्ततपासण्या गावाजवळ करून रिपोर्ट पाठवले तर चालतील का, ते विचारा. बरेच डॉक्टर हो म्हणतात. घशात दुर्बिणीने बघायचं असेल किंवा आतली तपासणी असेल तर मात्र यावंच लागतं.

पुणं सोडण्याआधी समरी हातात घ्या. त्यात एकूण किती ग्रे (किरणांची मात्रा), किती शेक, कोणत्या भागाला, सुरू आणि संपल्याच्या तारखा, केमोचं औषध आणि प्रत्येक डोस लिहिलेला हवा. पाच वर्षांनी दुसरा डॉक्टर हेच आधी मागतो. फोटो काढून घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ वर करा. फॉलोअपमधलं काय बसतं, तेही तिथेच विचारा. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी आणि तपासणीसाठी रेल्वेत तिकिटात सवलत आहे, त्यासाठी हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. जुन्या पद्धतीने आयकर भरत असाल तर कलम ८०डीडीबीखाली उपचाराच्या खर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत, आणि पेशंट ६० वर्षांचा किंवा मोठा असेल तर १ लाखापर्यंत वजावट मिळते. त्याचं प्रिस्क्रिप्शन तज्ज्ञ डॉक्टरांकडून याच ओपीडीत घेऊन ठेवा, मार्चमध्ये धावपळ होते.